शिवारातील सूर्य आणि भूमीतील पाणी

(रथसप्तमीच्या निमित्ताने कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रथसप्तमी हा सूर्योपासनेचा दिवस. आज सकाळी आपल्यापैकी अनेकांनी सूर्यनमस्कार घातले असतील. पुष्कळ घरांच्या अंगणात सूर्यासमोर दूध उतू गेले असेल. प्राचीन काळी जगातील अनेक समाज सूर्याची उपासना करीत. ज्या मोजक्या समाजांत ती अखंड टिकली, त्यांत आपला हिंदू समाज प्रमुख आहे. गुजरातेतील मोढेरा येथील सूर्यमंदिर अकराव्या शतकात सोळंकी राजा भीमदेव याच्या काळात उभे राहिले. त्याच मोढेरा गावाला ९ ऑक्टोबर २०२२ रोजी चोवीस तास सौर ऊर्जेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित करण्यात आले. घरांच्या छपरांवर पॅनेल, जवळच जमिनीवर उभारलेला प्रकल्प आणि रात्रीसाठी बॅटरीत साठवण, अशी तेथील रचना आहे.

आपल्या महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. मनाला समाधान देणारी ही उदाहरणे आहेत. परंतु केवळ अभिमान व्यक्त करण्यासाठी आपण येथे जमलेलो नाही. सूर्य शिवारात आला, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्याच्या येण्याने गाव स्वावलंबी होईल की आज आहे त्याहून अधिक परावलंबी, हे अजून ठरायचे आहे. आणि ते पॅनेलवर ठरणार नाही, आपल्यावर ठरणार आहे. आजच्या विवेचनाचा हाच विषय आहे.

रात्रीचे पाणी

शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना वीज म्हणजे भिंतीवरचे बटण. शेतकऱ्याला वीज म्हणजे पाळी. महाराष्ट्रात विजेवर चालणारे चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. त्यांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री. रब्बीच्या हंगामात, पौष-माघाच्या थंडीत, मध्यरात्री वीज येणार म्हणून शेतकरी हातात विजेरी घेऊन गव्हाला, हरभऱ्याला पाणी देण्यास निघतो आणि अंधारात दारे धरतो. पायाखाली साप-विंचू. जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या. त्यातच विजेचा दाब कमी असला की मोटार जळते. वीज केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने अनेकांनी पंपांना ऑटो स्विच बसविले. वीज येताच सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात, तो भार न पेलून रोहित्र जळते आणि ऐन हंगामात सारे शिवार कोरडे राहते.

ही रात्रीची पाळी कोणाच्या दुष्टपणामुळे आली नव्हती. कोळशावरची मोठी वीजकेंद्रे रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करता येत नाहीत. दिवसा कारखाने, कार्यालये आणि शहरे यांची मागणी असते. रात्री ती घटते. म्हणून उरलेली वीज शेतीकडे वळविण्यात आली. थोडक्यात, सोय यंत्रणेची पाहिली गेली, झोप मात्र शेतकऱ्याची गेली. सौर ऊर्जेने ही रीत मुळातून उलटी केली आहे. ज्या वेळी शेतकरी शेतात असतो, ज्या वेळी पिकाला तहान लागते, नेमक्या त्याच वेळी सूर्य वीज देतो. शेतीचे वेळापत्रक आणि सूर्याचे वेळापत्रक एकच आहे. आपल्या पूर्वजांना हे सांगावे लागले नसते.

दिव्यापासून पंपापर्यंत

या प्रवासाचा थोडा इतिहास पाहू. एखाद्या गावातील सार्वजनिक ठिकाणी आणि किमान दहा टक्के घरांत वीज पोहोचली की ते गाव विद्युतीकृत, अशी शासकीय व्याख्या होती. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव जोडले गेले आणि त्या अर्थाने देशातील सर्व गावे प्रकाशात आली. परंतु गावात खांब येणे वेगळे आणि शेवटच्या झोपडीत दिवा लागणे वेगळे. ही उणीव ओळखून २५ सप्टेंबर २०१७ रोजी, पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या जयंतीला, घराघरापर्यंत जोडणी देणारी ‘सौभाग्य’ योजना सुरू झाली. अंत्योदय हा शब्द विजेच्या संदर्भात याहून नेमका क्वचितच वापरता येईल.

नंदुरबारमधील अक्राणी-अक्कलकुवा किंवा अमरावतीतील मेळघाट येथील विखुरलेल्या पाड्यांवर तारा ओढणे कठीण. अशा ठिकाणी सौर दिवे आणि घरगुती सौर संच हा मार्ग होता आणि आहे. परंतु येथेच एक कटू धडा मिळाला. देशभर वाटले गेलेले अनेक संच दोन-तीन वर्षांत बंद पडले. पॅनेल बहुधा सुस्थितीत असे, बॅटरी मात्र मेलेली असे. शिसे-आम्लाच्या बॅटरीत वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते, जोडाच्या टोकांवरचे क्षार पुसावे लागतात, चार-पाच वर्षांनी ती बदलावी लागते आणि त्यासाठी पैसा बाजूला ठेवावा लागतो. उद्घाटनाला नारळ फोडणारे पुष्कळ होते. बॅटरीत पाणी घालणारा कोणी नेमलेलाच नव्हता. राजस्थानातील तिलोनिया येथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना सौर संच जोडण्याचे आणि दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. ते काम टिकले याचे कारण एवढेच की, दुरुस्ती करणारा माणूस गावातला होता. आपल्या विचारधारेशी सर्वच बाबतींत सहमत नसलेल्या मंडळींनी केलेल्या कामातूनही शिकण्यासारखे असेल ते घेतले पाहिजे.

दरम्यान सौर विजेचा भाव मात्र कल्पनेपलीकडे उतरला. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा पहिल्या निविदांत युनिटचा दर सुमारे बारा रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला. त्या अभियानाचे मूळ उद्दिष्ट २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉटचे होते. जानेवारी २०२५ अखेर देशाने एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. या स्वस्त झालेल्या विजेमुळेच पंपाचा प्रश्न सुटण्याची शक्यता निर्माण झाली.

दोन मार्ग

आज शेतीला सौर वीज दोन मार्गांनी मिळते. कार्यकर्त्यांनी दोन्ही नीट समजून घ्यावेत, कारण गावात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

पहिला मार्ग, स्वतंत्र सौर पंपाचा. २०१९ मध्ये केंद्राची ‘कुसुम’ योजना आली. महाराष्ट्रात २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच असतो. वीजबिल नाही, भारनियमन नाही, तारेची वाट पाहणे नाही. जेथे वाहिनी दूर आहे, तेथे याला पर्याय नाही.

दुसरा मार्ग, सामूहिक. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची वाहिनी, ज्याला आपण फीडर म्हणतो, ती दिवसा त्याच विजेवर चालवायची. महाराष्ट्राने २०१७ मध्ये राळेगणसिद्धी येथून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा आरंभ केला. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि आता उद्दिष्ट सोळा हजार मेगावॉटचे आहे. ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना मिळते आणि जवळच निर्माण होत असल्याने लांबच्या तारांमधील गळती वाचते. शेतकऱ्याला जुनाच पंप वापरता येतो, पदरचा पैसा घालावा लागत नाही. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी केली. ती विभागणी नसती तर अशा योजनेचा विचारही करता आला नसता.

या दोन मार्गांत कोणता श्रेष्ठ, असा वाद घालण्याचे कारण नाही. पण एक साधा हिशेब मांडू. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटची पॅनेल लागतात. एक किलोवॉटपासून उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट मिळतात, म्हणजे दिवसाला वीस आणि उन्हाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला सहा हजार. परंतु पंप काही रोज चालत नाही. दीडशे दिवस चालला असे धरले, तर तीन हजार युनिट वीज वाया जाते. असे एक लाख पंप धरले तर तीस कोटी युनिट! ज्या पॅनेलवर समाजाच्या कराचा पैसा लागला आहे, ते वर्षातील निम्मे दिवस नुसते ऊन खात बसणे परवडणारे नाही. त्याच पॅनेलवर चारा कुट्टीचे यंत्र, पिठाची गिरणी किंवा शीतपेटी चालविता येईल असे नियंत्रक उपलब्ध आहेत. जेथे तार आहे, तेथे उरलेली वीज विकताही येते.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी हेच केले. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने त्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था स्थापन केली आणि पंपाला न लागलेली वीज तेथील वीज कंपनीला २५ वर्षांच्या कराराने युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने देऊ केली. भांडवलाचा मोठा भाग अनुदानातून आला, म्हणून तो जसाच्या तसा सर्वत्र नेता येणार नाही. पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. शेतकरी विजेचा याचक न राहता विजेचा उत्पादक झाला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपसा कमी केला तर चार पैसे अधिक मिळू लागले.

फुकट ऊन, पण पाणी?

येथे आपण खऱ्या प्रश्नापाशी येतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे आणि तिचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे. संकटातील शेतकऱ्याला आधार देणे हे समाजाचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पंजाबमध्ये दीर्घकाळच्या मोफत विजेने काय झाले ते सर्वांसमोर आहे. भाताच्या शेतीसाठी अहोरात्र उपसा झाला आणि पाण्याची पातळी खोल खोल गेली.

वीज खंडित होत असे, महाग असे, तेव्हा नाइलाजाने का होईना, उपशाला एक लगाम होता. सौर पंपाला तोही नाही. सूर्य बिल पाठवीत नाही आणि भारनियमनही करीत नाही. बटण दाबण्यापूर्वी थांबविणारे बाहेरचे काहीही उरत नाही. म्हणून आतले काहीतरी असावे लागते.

बिहार, बंगालच्या गाळाच्या प्रदेशात भूजल विपुल आहे. तेथे शेतकरी महागडे डिझेल जाळून पाणी काढत आला. त्याला सौर पंप म्हणजे निव्वळ वरदान आहे. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा. पाणी राहते ते खडकाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरांत. उघड्या विहिरीला दिवसभराचा मंद उपसा सोसतो, झरे भरून येण्यास उसंत मिळते, आणि या दृष्टीने सौर पंप तिला मानवतोही. पण शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर घेतला म्हणून आपण पाचशे फूट घेणे, आणि दोन्हींवर फुकटच्या उन्हाचा पंप बसविणे, हा खडकाची पुंजी संपविण्याचा मार्ग आहे. केंद्राच्या योजनेत अतिशोषित क्षेत्रात नवा सौर पंप देण्यास मनाई आहे. जुना डिझेल पंप बदलता येतो, तोही ठिबक-तुषार असेल तर. नियम चांगला आहे. पण कोणत्या विहिरीतून किती पाणी उपसले, हे पाहण्यास कोणते सरकार रोज बांधावर येणार?

आपल्याकडे प्रकृती, विकृती आणि संस्कृती असा भेद सांगितला जातो. तहान लागली की पाणी पिणे ही प्रकृती. शेजाऱ्याच्या विहिरीखालचे पाणी ओढून घेणे ही विकृती. आपल्याजवळचे मोजून, वाटून घेणे ही संस्कृती. ईशावास्य उपनिषदाने त्यागपूर्वक उपभोगाचा जो विचार दिला, त्याचे प्रात्यक्षिक पाहायचे तर अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे जावे. तेथे पावसाळ्यानंतर गाव एकत्र बसते, किती पाऊस पडला आणि भूमीत किती पाणी मुरले याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून रब्बीत कोणते पीक किती घ्यावयाचे ते ठरवते. शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने स्वतःहून बंदी घातली. ऊस आणि केळी वर्ज्य केली. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम शासनाच्या आदेशाने झालेले नाही, ते गावाच्या संकल्पाने झाले. सौर पंप हिवरे बाजारसारख्या गावात गेला तर समृद्धी देईल. ताळेबंद नसलेल्या गावात तोच पंप दहा वर्षांत विहिरी कोरड्या करील. यंत्र एकच, समाज वेगळा, म्हणून फळ वेगळे.

गायरान आणि स्वदेशी

आणखी दोन गोष्टींचा उल्लेख केला पाहिजे. एक मेगावॉटच्या प्रकल्पाला चार-पाच एकर जागा लागते. कृषिवाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आहे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. कोरडवाहू, नापीक जमिनीच्या मालकाला हे उत्पन्न मोलाचे ठरते. पण अनेक ठिकाणी सोपी म्हणून सरकारी जमीन निवडली जाते आणि ती बहुधा गायरान असते. गायरान कागदावर पडीक दिसत असेल, पण गावाच्या गाई-गुरांचे, भूमिहीन कुटुंबाच्या शेळ्यांचे ते ताट आहे. प्रकल्पामुळे ग्रामपंचायतीला अनुदान मिळते, परंतु चराई गेल्यावर गुरे विकावी लागलेल्या कुटुंबाला त्यातून काय मिळते, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेलाच पाहिजे. विरोधासाठी विरोध नको. पर्यायी चराई, पॅनेलखालच्या गवताची कापणी, प्रकल्पात स्थानिकांना रोजगार या अटी आधी ठरवून मग संमती द्यावी.

दुसरी गोष्ट स्वदेशीची. सौर पॅनेलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर जगातील ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा आहे. आखातातील तेलाचे परावलंबित्व सोडून बीजिंगच्या काचेचे परावलंबित्व पत्करायचे, याला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. कुसुम योजनेतील पंपांना देशात तयार झालेल्या सौर घटांची पॅनेल बंधनकारक आहेत, हे योग्यच झाले. पॅनेल जोडणीत आपण मोठी मजल मारली आहे. घटांच्या निर्मितीतही कारखाने उभे राहत आहेत. परंतु त्याखालची सिलिकॉनची पाती आणि शुद्ध सिलिकॉन यांसाठी आपण अजून बव्हंशी चीनवरच अवलंबून आहोत. येथे घोषणांनी भागणार नाही. प्रयोगशाळा आणि कारखाने यांत दीर्घकाळ भांडवल आणि बुद्धी ओतावी लागेल. आपल्या घरांतील तरुण अभियंत्यांनी परदेशी नोकरीचा विचार करताना या क्षेत्राचाही विचार करावा.

कार्यकर्त्यांचे काम

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळजींनी मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. त्यातील आर्थिक विचाराचे सूत्र विकेंद्रीकरणाचे आणि स्वदेशीचे होते. यंत्र माणसासाठी असावे, माणूस यंत्रासाठी नसावा, हा त्याचा आशय. त्या काळी वीजनिर्मितीचे विकेंद्रीकरण तंत्रदृष्ट्या शक्य नव्हते. आज ते शक्य झाले आहे. प्रश्न आहे तो ते पेलणाऱ्या समाजाचा. म्हणून काही निश्चित कामे सुचवितो.

पहिले काम, माहितीचे. योजनांच्या नावाने पैसे मागणारी बनावट संकेतस्थळे आणि दलाल यांचा सुळसुळाट आहे. गावातील शिकलेल्या तरुणाने अर्ज भरून देण्यास बसावे. आपल्या वाहिनीचे सौरीकरण होणार असेल तर स्वतंत्र पंपाची घाई करू नये, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगावे.

दुसरे काम, देखभालीचे. प्रत्येक पाच-सात गावांत दोन तरुणांना पॅनेल, नियंत्रक आणि पंप यांच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळावे. आठवड्यातून एकदा पॅनेलवरची धूळ पुसणे, सावली करणाऱ्या फांद्या छाटणे, तारा आणि नटबोल्ट पाहणे, एवढ्याने बरेच बिघाड टळतात. हमीच्या काळात ठेकेदाराचा माणूस येत नसेल, तर लेखी तक्रार करण्याची सवय लावावी.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम, पाण्याच्या ताळेबंदाचे. कोजागरीच्या आसपास, पावसाळा संपताना, गावाने एकत्र बसावे. पर्जन्यमापकाची नोंद, निवडक दहा विहिरींची पातळी आणि रब्बीचे नियोजन फळ्यावर लिहावे. यासाठी शासकीय निधी लागत नाही. लागते ते बैठक बोलावणारा, सर्वांना धरून चालणारा, स्वतःच्या शेतात आधी ठिबक बसविणारा कार्यकर्ता. जेथे अशी बैठक झालेली नाही, त्या गावात सौर पंपांचा प्रचार करण्यापूर्वी ती बैठक घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शहरातील कुटुंबांनाही यात वाटा आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर तीन किलोवॉटचा संच बसविल्यास ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. आपल्या छपरावर जेवढी वीज होईल, तेवढी दिवसाची वीज गावाकडून ओढावी लागणार नाही.

रथसप्तमीला आपण सूर्याला अर्घ्य देतो. अर्घ्य म्हणजे ओंजळभर पाणी, मोजून घेतलेले, आदराने दिलेले. सूर्य आपल्याला वीज देण्यास सिद्ध आहे. पाणी मोजून घ्यायचे ते मात्र आपणच. येत्या पावसाळ्यानंतर आपल्या कार्यक्षेत्रातील किमान एका गावात पाण्याचा ताळेबंद मांडला जाईल, एवढा संकल्प प्रत्येक कार्यकर्त्याने आज येथून उठताना करावा, अशी प्रार्थना करून मी माझे विवेचन संपवितो.